खरं लिहू की त्यांचं?

गेल्या महिन्यात बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका सभागृहात परिसंवाद होता. विषय असा, की अनुदानावर चालणाऱ्या सामाजिक संस्थांचे यश मोजायचे कसे. व्यासपीठावर एका बाजूला कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, आता एका न्यासाच्या अनुदान समितीवर असलेले. त्यांचा हिशेब सरळ होता: दर तिमाहीला आकडे दाखवा, उद्दिष्ट गाठले तर पुढचा हप्ता, नाही तर रामराम. दुसऱ्या बाजूला उभा जन्म वस्त्यांत काम केलेल्या एक बाई. त्यांनी विचारले, आईच्या मायेला फूटपट्टी लावणार का? टाळ्या दोघांनाही पडल्या, बाईंना जरा जास्तच. मी मागच्या रांगेत बसून दोघांवरही चिडत होतो. एका लहानशा संस्थेचे हिशेब आणि अहवाल मी गेली १८ वर्षे पाहतो. ती फूटपट्टी आणि ती माया, दोन्हींची कागदपत्रे माझ्याच टेबलावरून पुढे जातात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मोजायलाच हवे, आणि आज मोजतो त्यापेक्षा कसोशीने मोजायला हवे. पण ज्या आकड्यावर पुढचा हप्ता टांगलेला असतो, तो आकडा कामाविषयी बोलायचे सोडून हप्त्याविषयी बोलू लागतो. म्हणून मोजणे आणि पैसे सोडणे यांची गाठ सोडवली पाहिजे. परिसंवादात ही गाठ कोणाला दिसलीच नाही. एक जण ती आणखी आवळायला निघाला होता आणि दुसरी फूटपट्टीच विश्वामित्री नदीत फेकायला.

विश्वामित्रीचे नाव उगाच घेतले नाही. तिच्या काठच्या एका वस्तीत आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. मुले बहुतेक दाहोद, छोटाउदेपूरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली. काही वर्षांपूर्वी एका कंपनीकडून तीन वर्षांचे अनुदान मिळाले. प्रस्तावात लिहिले होते: ६० मुले, ८० टक्के हजेरी, दर वर्षी वाचनात एक पायरी वर. हे आकडे आम्हीच लिहिले होते, एका संध्याकाळी, फॉर्ममध्ये रकाने होते म्हणून. ६० कुठून आले म्हणाल, तर खोलीत तेवढी मुले मावतात असे कोणीतरी म्हणाले म्हणून. होळी आली की ही कुटुंबे गावी जातात. सण, शेतीची कामे, लग्ने उरकून परततात, काही परततही नाहीत. वर्ग घेणाऱ्या ताई अशा मुलांच्या नावापुढे पेन्सिलीने ‘गामडे’ असे लिहून ठेवतात. पहिल्याच मार्चअखेर त्या हजेरीपट घेऊन माझ्यासमोर बसल्या. हजर ४१. तक्त्याच्या रकान्यात आधीच ६० छापलेले. त्यांनी विचारले, “काका, खरं लिहू की त्यांचं लिहू?”

मी काय सांगितले? म्हणालो, तिमाहीची सरासरी काढा. खोटे काही लिहिले नाही, जानेवारीची गर्दी मार्चच्या अंगावर घातली एवढेच. पुढच्या वर्षी त्याहून वाईट झाले. वाचनाची पायरी चढल्याचे दाखवायचे होते. दहा वर्षांचा एक मुलगा होता. गुजराती ‘क’ आणि ‘फ’ त्याला एकसारखेच दिसायचे, आणि खरे तर दिसतातही. वर्गात सतरंजी अंथरायला सगळ्यांत आधी तोच हजर. तो त्या वर्षीच्या यादीतून गळाला. त्याच्यासारखी आणखी पाच-सहा. त्यांच्या जागी आली ती जवळच्या चाळीतली, थोडेफार वाचणारी, जरा हात दिला की पुढे सरकणारी मुले. याचा ठराव झाला नाही, कोणी कोणाला सांगितलेही नाही. वर्षअखेर आलेखातला खांब उंच झाला, कंपनीकडून अभिनंदनाचा निरोप आला, टाळ्यांच्या चित्रासकट. मुलगा सतरंजी अंथरायला येतच होता. फक्त तो आता ‘लाभार्थी’ नव्हता.

यात कोणी चोर नव्हते, म्हणूनच ही गोष्ट गंभीर आहे. नियमच असा होता, की कच्चे मूल शिकवणे संस्थेला महाग पडावे. आणि हा रोग जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली शाळांच्या अनुदानाची नवी संहिता आली. निरीक्षक येणार, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, अंकगणित यांत परीक्षा घेणार, आणि जितकी पास होतील त्या हिशेबाने शाळेला पैसे. परिणाम असा झाला, की मुले वाचनाचे पुस्तक अक्षरशः पाठ करू लागली. जे परीक्षेत नव्हते ते वर्गातूनही हद्दपार झाले. ती पद्धत पुरती मोडीत निघायला एकोणिसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडले. निकालावर अनुदान देण्याची तीच तऱ्हा आपल्या मुंबई इलाख्यातही आली, आणि तिच्याविरुद्ध नेमके बोट ठेवले ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले, की अडाणी आणि गरीब लोकांत शिक्षण पसरवायला ही निकालाची पद्धत मुळीच उपयोगाची नाही. या लोकांत शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, अशा ठिकाणी स्वतःच्या जोरावर शाळा काढून कोणता शिक्षक पोट भरू शकेल? म्हणून तिथे सरकारी शाळा आणि खास उत्तेजनच हवे. हे वाचताना मला आमची ती यादी आठवते. निकालावर पैसे म्हटले की पैसा आपोआप तिकडे वाहतो जिथे निकाल स्वस्तात मिळतो. आज ‘आउटकम’ या नावाने जे नवे म्हणून सांगितले जाते, त्याची उलटतपासणी जोतीरावांनी १४० वर्षांपूर्वी करून ठेवली आहे.

आता समोरच्यांचे खरे मुद्दे. ते मी टाळणार नाही, कारण त्यातले बरेच मला पटतात. पैसा दुसऱ्याचा असतो, आणि ‘माणूस मोजता येत नाही’ या वाक्याच्या आडोशाला पुष्कळ आळस लपतो. कुलूपबंद केंद्रे मी पाहिली आहेत, ज्यांची पाटी दर दिवाळीला नव्याने रंगवली जाते. बाईंच्या टाळ्यांत अशाही काही जणांच्या टाळ्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आले नसावे. दुसरे म्हणजे आकडे ही गरिबांच्या विरुद्धचीच गोष्ट असते हे खोटे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातल्या निवडक गावांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात नेले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. एका देशी संस्थानाला जे जमते ते साम्राज्य सरकारला का जमू नये, हा प्रश्न नुसत्या कळकळीने विचारता आला नसता. त्यासाठी शाळेत जाणारी मुले मोजलेली असावी लागली. विधेयक फेटाळले गेले तो भाग वेगळा. पण मोजमाप हे दुबळ्याच्या हातातले हत्यार कसे होते ते तिथे दिसते.

त्याहून मोठा दाखला गडचिरोलीचा. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. शेजारच्या ४७ गावांत ही सेवा नव्हती, तरी तिथलेही जन्म-मृत्यू तितक्याच बारकाईने नोंदले. सेवा असलेल्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात मृत्यू होत, ते काही वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले आणि देशाच्या आरोग्यधोरणात आशा कार्यकर्तीच्या हाती ते काम गेले. हे सगळे मोजल्यामुळे झाले, मायेमुळे नव्हे, असे कोणी म्हणाले तर मी मान डोलावेन. पण एक गोष्ट बघा. तिथे एखादा मृत्यू लपवला असता तर फसले कोण असते? ज्यांना बाळे वाचवायची होती तेच. मोजणी कामाच्या मालकीची होती. उलट जिथे मृत्यू नोंदवला की नोंदवणाऱ्याकडूनच खुलासा मागवतात, तिथे मृत्यू आधी कागदावरून कमी होतात. आणीबाणीतली नसबंदी आठवा. शिक्षकांना ‘केसेस’ आणायला लावल्या, पगाराची भीती घातली. आकडा गाठला गेला. त्याची किंमत कोणी मोजली हे १९७७ च्या निवडणुकीने सांगितले, आणि तरीही कुटुंबनियोजनातली वरून लादलेली उद्दिष्टे काढून टाकायला १९९६ उजाडले.

‘आम्ही शास्त्रीय मोजणी मागतो, कारकुनी नव्हे,’ असे त्या निवृत्त गृहस्थांनी बजावले होते. ठीक आहे. शास्त्रीय मोजणीचा एक प्रसिद्ध नमुना आपल्याच गावातला आहे आणि परिसंवादात कोणी त्याचे नाव काढले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. या शतकाच्या सुरुवातीला ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत बालसखी कार्यक्रम चालवला. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर काढून वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी रोज दोन तास शिकवायची. तिला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत. कोणत्या शाळेच्या कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी निकाल तपासला. दुसऱ्या वर्षाअखेर गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांत किती फरक असतो त्याचे हे माप) वर गेले. शिक्षणाच्या प्रयोगांत ही चांगलीच झेप समजतात. त्याच सुमारास सरकारने इथल्या बहुतेक पालिका शाळांना प्रत्येकी ४ संगणक दिले होते, ते लहान मुलांपर्यंत फारसे पोचलेच नव्हते. त्यांवर गणिताचे खेळ बसवून आठवड्याला दोन तास मुलांना बसवले तर गणित त्याहूनही सुधारले. ‘इतके संगणक वाटले’ हा आकडा आणि ‘मुलांना इतके गणित येऊ लागले’ हा आकडा यांत किती अंतर असते ते इथे कोणालाही दिसेल. गृहस्थांचा हा मुद्दा शंभर टक्के मान्य.

पण गोष्ट तिथे संपत नाही. बालसखी थांबल्यावर वर्षभराने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा ती वाढ ०.१ च्या आसपास उरली होती. आता कार्यक्रम यशस्वी की अयशस्वी? हप्ता द्यायचा की नाही? पहिल्या चाचणीच्या दिवशी विचारा, एक उत्तर. वर्षभराने विचारा, दुसरे. हप्त्याच्या भाषेत हा प्रश्न सुटतच नाही, कारण त्या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ एवढे दोनच शब्द आहेत. त्या संशोधनातून खरे निघाले ते वेगळेच: मुलाला इयत्तेनुसार नव्हे, त्याला आज जे येते तिथून पुढे शिकवा. ही समज पुढे देशभर गेली, या पद्धतीच्या प्रयोगांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आणि ती समज मिळाली कारण विरलेला निकालही छापता आला. बालसखीचा महिन्याचा पगार जर मुलांच्या गुणांवर ठरला असता, तर तिने कोणत्या मुलांना सतरंजी अंथरायला ठेवले असते?

विरुद्ध बाजूचा सगळ्यांत पक्का पुरावा राजस्थानचा आहे, तोही मांडायला हवा. ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेचा भिलवाड्यातला कार्यक्रम २०१५ ते २०१८ या काळात निकालाला बांधलेल्या रोख्यावर चालला. एका संस्थेने भांडवल घातले, निकाल आला तर दुसरीने ते परताव्यासह फेडायचे. शेवटी नोंदणीचे उद्दिष्ट ११६ टक्के आणि शिकण्याचे १६० टक्के गाठले गेले. म्हणजे निकालावर पैसे देणे जमते? जमले, पण कसे ते पाहा. दोन वर्षे झाली तेव्हा शिकण्याचे उद्दिष्ट निम्म्याच्या आसपासच होते. झेप तिसऱ्या वर्षी आली, शिकवण्याची रीत मधल्या काळात बदलता आली म्हणून आली. जोखीम भांडवल घालणाऱ्याने उचलली होती, गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार त्यावर टांगलेला नव्हता. मोजणारा तिसराच होता. वाटेत गाठ सैल ठेवली म्हणून तो रोखा यशस्वी झाला. आमच्या गृहस्थांच्या तिमाही रामरामाच्या नियमाने तो पहिल्या वर्षातच निकालात निघाला असता. शिवाय १४० गावांच्या त्या प्रयोगामागे जेवढे सल्लागार आणि मूल्यमापक होते, तेवढे बळ एका खोलीतल्या अभ्यासवर्गामागे कुठून आणायचे?

बडोद्यात बसून अनुदानाच्या यशाविषयी बोलायचे आणि सयाजीबागेतल्या त्या झाडाविषयी बोलायचे नाही, हे मला जमणार नाही. १९१३ साली संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट अशी, की परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१७ साली ते नोकरीवर रुजू झाले. अस्पृश्य म्हणून कोणी जागा देईना. नाव लपवून एका पारशी सराईत राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी बागेत, त्या झाडाखाली काढले आणि मुंबई गाठली. आता करारातला रकाना भरा. उद्दिष्ट: दहा वर्षे सेवा. साध्य: जेमतेम दिवसांत मोजावी एवढी. संस्थानच्या खजिनदाराच्या दृष्टीने हे अनुदान सपशेल बुडाले. याहून बोलका रकाना मला माहीत नाही, कारण अपयश होतेच, फक्त ते शिष्यवृत्ती घेणाऱ्याचे नव्हते, ज्या शहरात त्याने सेवा करायची त्या शहराचे होते. तसा रकाना आजही कोणत्या फॉर्मात असतो?

इथे मला अडवणारे अडवतील. प्रत्येक ढिसाळ संस्था उद्या म्हणेल, आमचे फळ पन्नास वर्षांनी दिसेल. बरोबर आहे, म्हणतील. आंबेडकर एकच असतात आणि त्यांच्या नावावर कोणी आपले कुलूपबंद केंद्र खपवू नये. पण त्यासाठी हिशेब आहे, निकाल नव्हे. या दोन गोष्टींची आपण फार घोटाळ्याने सरमिसळ करतो. पैसा कुठे गेला, पावत्या आहेत का, ताईंचा पगार ताईंच्या खात्यात पोचला का, हे कठोरपणे तपासा, दर तिमाहीला तपासा, मी वह्या उघडून बसतो. चोर तिथे सापडतो. आळशी माणूस वह्यांत सापडत नाही हे कबूल, पण तो तक्त्यातही सापडत नाही, उलट तक्ता तोच सगळ्यांत सुंदर भरतो. तो सापडतो भेटीत. आणि भेट म्हणजे बॅनर लावून मुलांच्या हातात दप्तरे देतानाचा फोटो नव्हे. न सांगता संध्याकाळी साडेपाचला या, तासभर सतरंजीवर बसा, चहा आम्ही देऊ.

गंमत म्हणजे कायदा या बाबतीत देणगीदारांपेक्षा शहाणा आहे. २०२१ च्या सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, नियमांनी परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे केले ते मोठ्या कंपन्यांना, ज्यांचे सीएसआर दायित्व तीन वर्षांच्या सरासरीने १० कोटी रुपये किंवा जास्त आहे त्यांना, आणि तेही १ कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांसाठी. मूल्यमापन स्वतंत्र संस्थेने करायचे आणि प्रकल्प पुरा होऊन किमान एक वर्ष गेल्यावर. म्हणजे कायद्याने मोजणी हप्त्यापासून वेगळीच ठेवली आहे. पण चार-पाच लाखांच्या अनुदानालाही तोच बडेजाव चिकटवायचा, तोही दर तीन महिन्यांनी, ही आपल्याकडची भर. प्रशासनखर्चाचेही तसेच. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. ती संस्थेच्या माथी मारतात आणि मग मोजायला माणूस ठेवायचा पैसा कुठल्याच रकान्यात बसत नाही. मोजा म्हणायचे आणि मोजणाऱ्याचा पगार द्यायचा नाही, ही कुठली शास्त्रीय वृत्ती?

म्हणून माझी मागणी साधी आहे. तीन वर्षांचा पैसा तीन वर्षांसाठी द्या. मोजणीचा पैसा वेगळा द्या, मोजणारा वेगळा ठेवा, आणि जे निघेल ते चांगले असो की वाईट, छापा. कोणत्या मुलांना शिकवले नाही याचीही नोंद मागा. मुदत संपल्यावर सगळे समोर ठेवून अनुदान बंद करावेसे वाटले तर खुशाल करा, मीही एक-दोन कार्यक्रम बंद करायला आनंदाने सही दिली आहे. पण तो निर्णय माणसांनी बसून, कारणे देऊन घ्यावा. लाल-हिरव्या खांबांवर सोपवू नये. यात एखादा लबाड तीन वर्षे खाऊन जाईल का? जाईल. आज तो दर तिमाहीला खाऊन जातो, आणि शिवाय त्याच्या भीतीने प्रामाणिक ताई मला विचारतात, खरं लिहू की त्यांचं.

या मार्चचा तक्ता अजून माझ्याच टेबलावर आहे. अनुदान नवे, देणारे नवे, रकाना जुना. ताईंनी हजर ३८ लिहून पाठवले आहेत, आणि हजेरीपटाच्या समासात पेन्सिलीने २२ नावे, प्रत्येकापुढे ‘गामडे’. फॉर्ममध्ये त्या नावांना जागा नाही. मी त्या पानाचा फोटो काढून सोबत जोडला आहे.